कावड आणि काच

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, अवघ्या एका दशकाच्या आत, दोन प्रवाशांनी गंगेचे दोन भिन्न ठेवे आपापल्या घरी नेले. पहिले आपल्या कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल व घरचे ऋण फिटेल, या आशेने ते १८५७ साली उत्तरेस निघाले आणि त्या वर्षीच्या वणव्यात सापडले. झाशीचा संहार त्यांनी डोळ्यांनी पाहिला; जोडलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. तथापि परत येताना त्यांनी गंगोदकाची कावड खांद्यावर घेतली, ती शेकडो कोस वाहिली आणि वरसईस वृद्ध मातापित्यांना तिच्या जलाने स्नान घातले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी छापून प्रसिद्ध केला, त्यामुळे ही कावड मराठी वाचकांच्या घरोघरी पोचली.

दुसरा प्रवासी सॅम्युएल बोर्न. हा इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथील एका पेढीवरचा कारकून. छायाचित्रणाच्या नादाने त्याने ती नोकरी सोडली व १८६३ च्या आरंभी तो कलकत्त्यास उतरला. १८६६ साली तो हिमालयातील खिंडी ओलांडीत भागीरथीच्या उगमापाशी जाऊन पोचला. त्याचेही ओझे खांद्यावरचेच होते. मात्र खांदे त्याचे नव्हते, हमालांचे होते. त्या ओझ्यात पाणी नव्हते, काच होती. गोमुखापाशी बर्फाच्या गुहेतून गंगा बाहेर पडते, ते दृश्य त्याने काचेवर उमटवून घेतले.

एकाने गंगा कावडीत भरली, दुसऱ्याने काचेत. एकाला ती माता होती, दुसऱ्याला देखावा. यांपैकी कोणाचे पाहणे खरे, हा वाद मला येथे घालावयाचा नाही. परंतु दीडशे वर्षांनंतर एक विलक्षण गोष्ट घडून आली आहे. देखावा म्हणून घेतलेली ती काच आज मातेच्या बाजूची साक्षीदार होऊन उभी आहे. आणि मातेची पूजा करणारे आपण मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहण्यास कचरतो आहोत. हे कसे झाले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

२

बोर्नच्या काळी छायाचित्र घेणे हे आजच्यासारखे बोट दाबण्याचे काम नव्हते. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने शोधून काढलेली ओल्या काचेची पद्धत तेव्हा सर्वत्र चालू होती. स्वच्छ काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य समप्रमाणात ओतावयाचे, ती काच काळोखात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून तिच्यावर प्रकाश पडू द्यावयाचा, आणि ती वाळण्यापूर्वीच पुन्हा काळोखात नेऊन चित्र उमटवावयाचे. म्हणजे जेथे चित्र घ्यावयाचे तेथे काळोखाचा तंबू हवा, रसायने हवीत, निर्मळ पाणी हवे. बोर्नच्या मोठ्या काचा बारा इंच लांब व दहा इंच रुंद असत. घाटात एका हमालाचा पाय घसरला की दिवसाची कमाई दरीत जाई.

अशा सामग्रीनिशी त्याने तीन मोठ्या सफरी केल्या. पहिली १८६३ साली सिमल्याहून सतलजच्या खोऱ्यात, सुमारे तीस हमाल घेऊन; त्या दहा आठवड्यांत त्याने १४७ काचा केल्या. दुसरी १८६४ साली काश्मिरात. तिसरी १८६६ ची सर्वांत कठीण होती. कुलू, लाहूल व स्पिती ओलांडून तो मणिरंग खिंडीत चढला आणि तेथे, त्याच्याच हिशेबाने १८,६०० फुटांवर, त्याने छायाचित्रे घेतली. त्या उंचीवर नुसते उभे राहणेही जिथे जड जाते, तिथे गोठत्या बोटांनी काच ओली ठेवणे हे साहस खरेच. तेथून बस्पाच्या खोऱ्यातून तो भागीरथीच्या खोऱ्यात उतरला व गंगोत्रीस पोचला.

या प्रवासांची हकीगत त्याने ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी या नियतकालिकात क्रमशः लिहिली. ती वाचताना त्याच्या चिकाटीचे कौतुक वाटते आणि मनाला बोचतेही. हमाल ओझी टाकून पळून जात, तेव्हा हा गृहस्थ हातात सोटा घेऊन त्यांच्या गावांत शिरे व त्यांना झोडपून कामावर आणी. आणि हे त्याने कोणताही संकोच न बाळगता लिहून ठेविले आहे. ज्यांच्या पाठीवरून ती काच हिमालयात गेली, त्यांतील बहुतेकांची नावे काही त्याने लिहिली नाहीत.

त्याची दृष्टीही त्याने विलायतेहूनच आणिली होती. पुढे पाणी, मध्ये झाड, मागे डोंगर, अशी जी चित्राची रचना त्याच्या देशात सुंदर मानीत, ती त्याला हिमालयात सापडेना. येथे इंग्लंडातल्यासारखी सरोवरे नाहीत, डोंगर फारच अवाढव्य, चौकटीत मावत नाहीत, अशी त्याची तक्रार. आपल्या पूर्वजांनी ज्या पर्वताला देवतात्मा म्हटले, तो या चित्रकाराच्या लेखी किंचित बेशिस्त होता! तरी हळूहळू त्या पर्वताने त्याला नमविले, असे त्याच्या पुढच्या काचा पाहिल्या की वाटते. गोमुखाच्या चित्रात सरोवर नाही, झाड नाही, शोभा म्हणावी असे काहीच नाही. दगडधोंडे, मळकट बर्फाची प्रचंड भिंत, तिच्या पायथ्याशी एक काळी पोकळी आणि त्या पोकळीतून येणारा प्रवाह, बस, इतकेच.

३

ही काच काय पाहते व काय पाहत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ओल्या काचेला कित्येक सेकंद टक लावून पाहावे लागे. जे स्थिर, तेच तिच्यावर स्पष्ट उमटे. जे हलते, ते पुसट होई किंवा नाहीसेच होई. त्यामुळे त्या काळच्या चित्रांत वाहते पाणी पाण्यासारखे दिसत नाही. धुरासारखे, पिंजलेल्या कापसासारखे दिसते. पुढ्यातून कोणी चालत गेला तर त्याची खूणही राहत नाही. आकाश पांढरे कोरे, कारण निळ्या रंगावर ती काच जळून जाई आणि ढग तिला दिसतच नसत.

गंमत अशी, की त्यामुळे बोर्नच्या चित्रात शाश्वत वाटते ती बर्फाची भिंत आणि क्षणभंगुर वाटते ती गंगा. आपली श्रद्धा नेमके याच्या उलट सांगते. आपण म्हणतो, गंगा आहे तशी राहील. देह, घर, राज्य ही मात्र वाहून जातील. काळाने या दोन्ही समजुतींची थट्टा करावयाचे योजिले होते. ते कसे, हे पुढे येईलच. तत्पूर्वी या चित्रात न दिसणारा एक माणूस वाचकांच्या भेटीस आणावयाचा आहे.

बोर्नच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षे, ३१ मे १८१७ रोजी, कॅप्टन जॉन हॉजसन हा मोजणीखात्याचा अधिकारी त्याच जागी पोचला होता. त्याने आपली साखळी टाकून प्रवाह मोजला. ज्या गंगेच्या पैलतीराची पाटण्यास नीट ओळख पटत नाही, ती उगमापाशी सरासरी २७ फूट रुंद व गुडघाभर खोल भरली. बर्फाच्या कमानीवरून लांबलचक शुभ्र लोलक लोंबत होते. त्याच्याबरोबर गंगोत्रीचा एक ब्राह्मण आला होता. हॉजसनने त्याचे वर्णन अशिक्षित पहाडी म्हणून केले आहे आणि त्याला या स्थळाची काहीच माहिती नव्हती असेही नोंदविले आहे. परंतु तो ब्राह्मण त्या लोंबत्या बर्फाकडे पाहून म्हणाला, की या महादेवाच्या जटा असाव्यात. शास्त्रात गंगा जटांतून निघते असे म्हणतात ना!

त्या साहेबाचे उपकार, की त्याने हे वाक्य टिपून ठेविले. साखळीने रुंदी मोजली, पण जटा मोजता आल्या नाहीत. आणि पहाडी ब्राह्मणाला रुंदीशी कर्तव्य नव्हते, पण ज्याच्यासमोर आपण उभे आहोत ते निर्जीव नाही, एवढे त्याला कोणी शिकविल्यावाचून कळले होते. बोर्नच्या चित्रात हा माणूस असता, तर तो हलला नसता असे मला वाटते. हात जोडून स्थिर उभा राहिला असता, आणि काचेवर स्पष्ट उमटला असता.

४

बोर्न हिमालयातून परतला त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७१ साली, एडवर्ड टायलर या इंग्रज पंडिताने ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि नदी, वृक्ष, पाषाण यांत चैतन्य पाहण्याच्या वृत्तीला ‘ॲनिमिझम’ हे नाव रूढ केले. मराठीत त्यास जडप्राणवाद म्हणतात. टायलरच्या मते धर्माची ही अगदी तळची पायरी. मनुष्य शहाणा होत जातो तसतसा तो ती मागे टाकतो. पुढे आपल्या खानेसुमारीतही या शब्दाने एक रकाना अडविला. १९०१ च्या खानेसुमारीत डोंगरांतील व अरण्यांतील लक्षावधी लोकांचा धर्म याच शब्दाने नोंदविलेला आहे. आणि देवळात जाणारे आम्ही हिंदू शेजारच्या रकान्यात.

ही दोन रकान्यांमधली रेघ आपल्याला फार सोयीची वाटली. तो वनवासी दगडाला शेंदूर फासतो म्हणून मागासलेला, आणि आपण दगडाला अभिषेक करतो म्हणून सुसंस्कृत! परंतु गोव्यातील देवस्थानांशी ज्याचा लेशमात्र संबंध आहे, त्याने ही रेघ कोठे ओढावी? आपली सांतेरी मुळात कोण? वारूळ. रोयणीच्या मातीतून जी भूमी वर येते, तीच देवी. कित्येक गाभाऱ्यांत आजही मूर्तीच्या आधी रोयण आहे. ती मुंग्यांनी व वाळवीने रचावी, पावसाने झिजवावी, पुन्हा वाढावी आणि आपण तिच्यापुढे नतमस्तक व्हावे. देवराईतले सुके लाकूडही घरी न्यावयाचे नाही, हा दंडक आपल्या आज्या पाळीत आल्या. टायलरसाहेबांच्या वर्गवारीत त्या आज्या नेमक्या कोणत्या पायरीवर बसतात, हे त्यांनी विचारले नाही, हे बरे झाले.

गढवालातही हेच. गंगोत्रीचे देऊळ गुरखा सेनापती अमरसिंग थापा याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधविले, म्हणजे देऊळ तसे अर्वाचीनच. पूजास्थान त्याहून किती तरी जुने. दर साली दिवाळीनंतर अन्नकूटाच्या दिवशी देऊळ मिटते आणि गंगामाईची मूर्ती वाजतगाजत खालच्या मुखबा गावी माहेरी यावी तशी येते. अक्षय तृतीयेला पुन्हा वर जाते. सहा महिने देऊळ बर्फाच्या स्वाधीन. देवी एका जागी कायम बसून राहत नाही, ऋतूबरोबर ती हलते, हे त्या लोकांना ठाऊक आहे. आपल्या शांतादुर्गेला व मंगेशाला सोळाव्या शतकात नदीपार अंत्रुजेस यावे लागले, ते संकटामुळे. गंगा दरवर्षी उतरते ती हवेमुळे. परंतु देव हलू शकतो आणि हलल्याने त्याचे देवपण उणे होत नाही, हे दोन्हीकडच्या भाविकांनी सारखेच जाणिले आहे.

५

आता काळाने केलेल्या थट्टेकडे वळू. बोर्नच्या काचेवर जे सर्वांत स्थिर दिसले, ती बर्फाची भिंतच मागे सरकली.

गंगोत्रीची हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब. तिचे तोंड म्हणजे गोमुख. गंगोत्रीच्या देवळापासून आज ते सुमारे १८ किलोमीटर वर आहे. १९३५ साली भूगर्भखात्याचे जे. बी. ऑडेन यांनी या तोंडाची पद्धतशीर मोजणी करून नकाशा केला. त्या खुणेपासून पुढील सहा दशकांत हिमनदीचे तोंड एक किलोमीटरहून अधिक मागे गेले. सरासरी काढिली तर वर्षास सुमारे २० मीटर. पुढील काळात हा वेग काहीसा मंदावल्याचे आढळले, परंतु माघार थांबलेली नाही. एकोणिसाव्या शतकातील हिमनद्यांची माघार काही अंशी निसर्गाच्या स्वतःच्या चढउताराची होती. पृथ्वीवरील एक दीर्घ शीतकाल तेव्हा संपत आला होता. परंतु विसाव्या शतकात व त्यानंतर कोळसा व तेल जाळून मनुष्याने हवेत जी उष्णता कोंडून ठेविली, तिचा भार त्यावर पडला. बोर्नने जेथे कॅमेरा रोविला, तेथून पाहिले तर आज गोमुख दिसावयाचे नाही. तेथे दगडगोटे आहेत आणि त्यांतून वाहणारी भागीरथी आहे.

येथे माझ्यातील वकील जागा होतो. छायाचित्रास आपल्या कायद्याने फार लवकर ओळखले. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात दस्तऐवजाची व्याख्या आली, तेव्हा तिच्याखालच्या उदाहरणांत छापलेल्या व शिळाप्रेसवर काढलेल्या शब्दांच्या पंक्तीला छायाचित्रित शब्दही बसविले गेले. बोर्नच्या गोमुखानंतर अवघ्या सहा वर्षांनी! तो कायदा १ जुलै २०२४ पासून जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला, परंतु न्यायालयाचा मूळ प्रश्न बदललेला नाही. चित्र कोणी घेतले, केव्हा, कोठून, आणि त्यात फेरफार नाही कशावरून? बोर्नची काच या उलटतपासणीस उत्तम रीतीने टिकते. तिचा कर्ता ठाऊक, साल ठाऊक, स्थळ ठाऊक. आणि विशेष म्हणजे हिमनदी सरकली हे सिद्ध करण्याचा त्याचा काडीमात्र हेतू नव्हता. ज्याला दाव्यात स्वारस्य नाही, असा साक्षीदार वकिलाला मोत्याच्या मोलाचा. त्याला सुंदर चित्र विकावयाचे होते, एवढेच. शास्त्रज्ञ आज जुन्या छायाचित्राच्या जागी पुन्हा उभे राहून नवे छायाचित्र घेतात आणि दोहोंच्या अंतरातून काळ मोजतात. हिमनद्यांच्या अभ्यासातील ही मान्य रीत आहे.

भक्ताची कावड मात्र न्यायालयात काही सिद्ध करू शकत नाही. गंगोदक पवित्र आहे, यावर जगातील कोणीही न्यायाधीश निवाडा देणार नाही. परंतु ही कावड निरर्थक नाही. साक्षीदार असून भागत नाही. दावा लावणारा पक्षकारही लागतो. नदी जर नुसता देखावा असेल, तर तिची हानी झाली म्हणून दाद कोणी मागावी? ती माता असेल, तरच तिचे कोणी लेकरू पुढे येणार. काच साक्ष देईल. पक्षकार कावडीनेच उभा करावा लागेल.

६

आणि अशी वेळ खरोखरच आली. हिंदू देवतेस कायद्याने व्यक्ती मानण्याची परंपरा देवस्थानाच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. १९२५ साली प्रमथनाथ मलिक यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मूर्ती ही विधिमान्य व्यक्ती असल्याचे मानिले, इतकेच नव्हे तर तिची सेवा कशी व्हावी याबाबत तिच्या इच्छेचाही मान राखला पाहिजे असे म्हटले. कायद्याच्या दृष्टीने देवता ही नित्य अज्ञान. तिचा पालक तिच्या वतीने बोलतो. जगाचा सांभाळ करणाऱ्या देवाला न्यायालयात अज्ञान बालक म्हणून उभे करावे लागते, यात विनोद आहे, तसे खोल सत्यही आहे. देव आपल्या स्वाधीन आहे. त्याचे हित आपण पाहिले नाही, तर त्याच्या वतीने कोणी ओरडणार नाही.

२० मार्च २०१७ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने हीच परंपरा मूर्तीच्या पलीकडे नेली आणि गंगा व यमुना या नद्या विधिमान्य व्यक्ती असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात न्यूझीलंडच्या संसदेने तेथील वांगानुई नदीस असाच दर्जा दिला होता. माओरी लोकांचे त्या नदीविषयीचे म्हणणे त्यामागे होते. दहा दिवसांनी, ३० मार्च रोजी, त्याच उच्च न्यायालयाने गंगोत्री व यमुनोत्रीच्या हिमनद्या, झरे, सरोवरे, कुरणे व अरण्ये यांनाही हा दर्जा दिला. म्हणजे १८१७ साली पहाडी ब्राह्मण जे बोलला आणि १८७१ साली टायलरने जे तळच्या पायरीवर बसविले, ते न्यायासनावरून उच्चारले गेले: हा बर्फ निर्जीव नाही.

भाविक मनाला येथे टाळी वाजवून थांबावेसे वाटेल. मला थांबता येत नाही. नद्यांविषयीच्या त्या निकालास सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २०१७ रोजी स्थगिती दिली. राज्य सरकारने विचारले होते, की गंगा अनेक राज्यांतून वाहते, तेव्हा तिचा पालक एका राज्याचा अधिकारी कसा? आणि पुरात घर बुडाले तर नुकसानभरपाई नदीकडून, म्हणजे तिच्या पालकाकडून, मागावयाची काय? हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पुढे ९ नोव्हेंबर २०१९ च्या अयोध्येच्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने देवतेस विधिमान्य व्यक्ती मानिले, परंतु भूमी स्वतःच अशी व्यक्ती आहे हे म्हणणे स्वीकारले नाही. कायदा पावले जपून टाकतो, आणि ते योग्यच आहे. व्यक्ती म्हटले की हक्कांबरोबर दायित्व येते, आणि दायित्वाबरोबर कोणी तरी उत्तर देणारा लागतो.

तो कोठे आहे, हाच खरा प्रश्न. गोमुखापासून उत्तरकाशीपर्यंतचे भागीरथीचे खोरे केंद्र सरकारने डिसेंबर २०१२ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. त्यासाठी ज्यांनी वारंवार प्राण पणाला लाविले, ते कानपूरच्या आय. आय. टी. चे माजी प्राध्यापक गुरुदास अगरवाल, संन्यासाश्रमातील स्वामी ज्ञानस्वरूप सानंद, गंगा अविरल वाहावी म्हणून १११ दिवसांच्या उपोषणानंतर ११ ऑक्टोबर २०१८ रोजी निवर्तले. हा मनुष्य स्थापत्यशास्त्राचा जाणकार होता. काचेची भाषा तो जाणीत होता आणि कावडही त्याने खांद्यावर घेतली होती. त्याच्या मृत्यूच्या दिवशीही देशातील लक्षावधी देवघरांत गंगेचा गडू पुजला गेला असेल. त्या गडूंना पूजा मिळाली. गंगेला वाली किती मिळाले?

७

काचेचाही एक शेवट आहे, तो सांगितलाच पाहिजे. बोर्न १८७० साली भारत सोडून गेला. नॉटिंगहॅमला कापसाच्या धंद्यात त्याने पैसा मिळविला आणि १९१२ साली तो वारला. त्याच्या नावाची बोर्न अँड शेफर्ड ही पेढी मात्र कलकत्त्यात पुढे चालू राहिली. १९९१ साली तिच्या इमारतीस आग लागली आणि जुन्या संग्रहाचा मोठा भाग जळून गेला. २०१६ साली ती पेढी कायमची बंद झाली. ज्या काचेने बर्फाचे क्षणिकत्व सिद्ध केले, ती काच स्वतःही क्षणिकच ठरली. कागदावर छापलेल्या प्रती जगभरच्या संग्रहालयांतून राहिल्या, म्हणून आपण हे बोलू शकतो. त्या प्रतींचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने सारवलेला असे, हे ऐकून आपल्या घरची एखादी सोवळी वृद्धा कानांवर हात ठेवील; परंतु गंगेचे सर्वांत जुने मुखदर्शन त्याच बलकाने जपले आहे, हे तिला कोणी तरी हळूच सांगावे.

तेव्हा टिकते काय? बर्फ नाही, काच नाही, पेढी नाही, देहही नाही. टिकते ते एकाने दुसऱ्याच्या हाती दिलेले. विष्णुभटांची कावड त्यांच्या खांद्यावरून उतरली तेव्हा तिचे काम संपले नाही. ती मातापित्यांच्या मस्तकावरून वाहिली. हॉजसनने त्या ब्राह्मणाचे वाक्य पुढच्यांच्या हाती दिले. बोर्नने, नकळत का होईना, एक दिवसाचे गोमुख आपल्या हाती दिले. क्षणभंगुरतेला उत्तर एवढेच आहे, की क्षण संपण्यापूर्वी तो पुढच्याच्या ओंजळीत घालावा.

देवस्थानच्या महाजनांस व भाविकांस माझी एक साधी सूचना आहे. आपल्या देवळामागची राई, पाटाचे पाणी, तळी, डोंगरातला झर, गाभाऱ्यातली रोयण, यांचे दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी, एकाच दगडावर उभे राहून छायाचित्र घ्यावे. आज ते काम कोणताही शाळकरी मुलगा खिशातील फोनने करील. त्यास हमाल नकोत आणि सोटाही नको. चित्राच्या मागे तारीख, वेळ, दिशा व घेणाऱ्याचे नाव लिहावे आणि देवस्थानच्या दप्तरात जमाखर्चाच्या वह्यांशेजारी ते ठेवावे. जत्रेच्या छायाचित्रांत आपण देवाचे अलंकार टिपतो. एकदा देवाचे घर टिपावे. तीस वर्षांनी एखाद्या खाणीने झर आटविला, एखाद्या रस्त्याने राई कापली, तर त्या अज्ञान देवतेच्या पालकाला न्यायालयात रिकाम्या हाताने जावे लागणार नाही. देवीला साडी नेसविणे ही सेवा खरी. तिची साक्ष जपणे हीही सेवाच.

आमच्या देवघरात आजोबांनी काशीयात्रेहून आणिलेला गंगेचा एक गडू होता. तोंड डाखाने पक्के बंद केलेले. यात्रेनंतर मावंदे झाले, गावजेवण झाले, आणि तो गडू देवांशेजारी बसला तो बसलाच. लहानपणी मी तो कानाशी धरून हलवीत असे. आत पाणी हळूच बोलत असे. आजोबांच्या अखेरच्या दिवशी वडिलांनी सुरीच्या टोकाने त्याचा डाख फोडला आणि चार थेंब त्यांच्या ओठांवर घातले. गडू पुन्हा डाख देऊन बंद केला. पुढे वडिलांच्या वेळी तो मी फोडला. आता त्यात थोडेच पाणी उरले आहे. हलविला तर आवाज येतो, पण कान देऊन ऐकावे लागते.

माझा मुलगा परवा विचारीत होता, की हे संपले म्हणजे काय करावयाचे? मी म्हणालो, पुन्हा आणावयाचे. तो गप्प बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, तेव्हा तेथे असेल ना? या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. ते द्यावयाचे काम अद्याप बाकी आहे.